राख चढलेला कोहळा

“हात लावू नका त्याला,” आई म्हणाली. “घरातलं पुरुषमाणूस येऊ द्या.”

अण्णा परसात कोयता घेऊन उभे होते. पुढ्यात पाट आणि पाटावर कोहळा. थोड्या वेळापूर्वी आईनेच त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि आता तीच दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभी राहिली होती.

“मीच की गं घरातलं माणूस,” अण्णा म्हणाले.

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. उन्हातून आत आल्यावर डोळे सरावेपर्यंत माणूस पाहतं, तसं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, “वन्सं, हे कोण आत आलेत? पुढचं दार उघडं राहिलं का?”

वन्सं म्हणजे मी. मी तिची मुलगी, मंदाकिनी. पण त्या दिवाळीपासून तिच्या लेखी मी तिची नणंद झाले होते. चेहऱ्याने मी आत्यावर गेले आहे, त्याचा हा परिणाम. मी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. मुलगी नाही तर नणंद, घरातलीच तर होते. अण्णा, माझे वडील, मात्र त्या सकाळी घराबाहेरचे झाले.

त्यांनी कोयता भिंतीला टेकवून ठेवला. “बरं,” म्हणाले, “येऊ दे त्यांना.” आणि पुढच्या ओट्यावर जाऊन बसले, पाहुण्यासारखे, चपला पायात तशाच ठेवून.

आम्ही कासार. सीना नदीच्या काठी आमचं गाव, आणि गावातल्या तीन पिढ्यांचे हात अण्णांनी भरलेले. बाई ओट्यावर चढायच्या आधीच तिचं मनगट पाहून ते माप काढून ठेवत. अवघड हात आला तर बोटं अशी मऊ चेपत, की बांगडी कधी चढली ते त्या बाईलाच कळू नये. वारलेल्या कितीतरी बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. त्या माणसाच्या घरात विसरणं आलं.

आधी मिठापासून सुरुवात झाली. भाजीत दोनदा, आमटीत अजिबात नाही. मग देवळातून घरी येताना वाट चुकली. आम्ही वय म्हणालो, ऊन म्हणालो. आणि त्या श्रावणात चुलतभावाच्या घरी मंगळागौर होती. बायकांनी आईला आग्रह केला, कालिंदीकाकू, तुम्ही नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही. आईचे उखाणे गावात नावाजलेले. ती हसत पुढे झाली.

चुडा भरते हिरवा, मधे सोन्याची पाटली…

आणि थांबली. पुढे यायचं होतं अण्णांचं नाव, आणि मग लाज वाटल्याचं. तिने तोंडाला पदर लावला, मान खाली घातली, पुन्हा हसली. सगळ्या बायका खिदळल्या. बघा, म्हातारपणी कशी लाजते, नातवंडांची आजी झाली तरी नवऱ्याचं नाव ओठांवर येईना. हौसाकाकू, आमच्या शेजारी राहणाऱ्या, त्यांनी तर आईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मीही हसले.

अण्णा बाहेर पडवीत मुलींचे हात भरत होते. घरी येताना, नदीच्या उतारावर, ते मला म्हणाले, “लाजली नाही ती. तिला सापडलं नाही.”

सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांच्या गोळ्या चालू होत्या, त्या शेवटपर्यंत चालू राहिल्या. त्यांनीच सांगितलं होतं की हे पुढेच जाणारं दुखणं आहे. पण अण्णांना पुढे जाणारं दुखणं ऐकायचं नव्हतं. म्हणून आम्ही तालुक्याला विश्वंभर वैद्यांकडे गेलो. वैद्यांनी आईची नाडी बराच वेळ धरली, तिला माहेरचं गाव विचारलं, ते तिने सांगितलं. सासऱ्यांचं नाव विचारलं, ते सांगितलं. मालकांचं नाव विचारलं, तेव्हा ती खाली पाहून हसली. वैद्यही हसले. म्हणाले, बरोबर आहे, जुन्या काळच्या बाईला हे विचारू नये. अण्णा हसले नाहीत.

मग वैद्यांनी कोहळेपाक सांगितला. कोवळा कोहळा भाजीचा, अर्धवट पिकलेला सांडग्यांचा, आणि औषधाला म्हातारा. वेल वाळली तरी देठाला धरून राहिलेला, अंगावर पांढरी राख चढलेला. आमच्या ग्रंथांत त्याला मनाचे विकार हरणारा म्हटलंय, म्हणाले. डोकं थंड करतो, झोप देतो, बुद्धी निवळवतो. पण अण्णा, एक ध्यानात ठेवा. पाणी निवळतं म्हणजे असलेलं दिसायला लागतं. वाहून गेलेलं पाणी निवळत नसतं.

अण्णांनी मान हलवली; पण त्यांनी पहिलंच ऐकलं होतं, दुसरं नाही. उठता उठता ते वैद्यांना म्हणाले, “बाकीचं जाऊ द्या. मीठ विसरू दे, वाट विसरू दे. मला ‘अहो’ म्हणेल, तेवढं राहू द्या.”

वैद्यांनी पुडीला दोरा गुंडाळला आणि तो गुंडाळतच राहिले.

कोहळे घरचेच होते. न्हाणीच्या छपरावर आई दरवर्षी वेल चढवायची. त्या वर्षीही, तिची तिला खबर असताना, आषाढात तिने बी टोकलं होतं. तीन कोहळे धरले. मार्गशीर्षात पानं करपून गेली आणि छपरावर ते तिघे उघडे पडले, राख फासून बसलेल्या गोसाव्यांसारखे.

कोहळ्याचा आमच्याकडे एक रिवाज आहे, अजून कुठे कुठे पाळतात. अख्खा कोहळा बाईने चिरायचा नाही. कोहळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. आईच्या हाताने त्याच्यावर शस्त्र चालू नये. घरातल्या पुरुषाने पहिला घाव घालायचा, त्याचे दोन भाग करायचे. मग तो नुसता कोहळा. मग बाईने विळीवर काय करायचं ते करावं. आई हे फार कडक पाळायची. घाव पडायच्या वेळी ती नेहमी पाठ करून उभी राहायची. लहानपणी मला वाटायचं, हा रिवाजाचाच भाग.

पहिले दोन कोहळे असेच फुटले. अण्णांनी घाव घातला, आई पाठ करून उभी राहिली, मग पदर खोचून कामाला लागली. विसरत चाललेली बाई, पण हात विसरले नव्हते. साल काढली, बिया काढून राखेत चोळून ठेवल्या, खिसणीवर कीस केला. तो पंचात पिळून पाणी वेगळं ठेवलं. कल्हईच्या पातेल्यात साजूक तुपावर कीस परतायचा, मधाचा रंग येईपर्यंत. मग त्याच्याच पाण्यात खडीसाखर घालून शिजवायचा, चमचा उभा राहीपर्यंत. सुंठ, पिंपळी, जिरं, धणे, वेलदोडा, दालचिनी. निवल्यावर मध. परसातून त्या वासाने गल्ली भरून जायची आणि हौसाकाकू भिंतीवरून विचारायच्या, “काय अण्णा, कुणाचं डोहाळजेवण?”

रोज सकाळी अण्णा स्वतः तिला चमचाभर पाक भरवत. आणि खरं सांगते, फरक दिसला. तिला शांत झोप लागायला लागली. वेणी स्वतः घालू लागली. एका सकाळी पाक चाटून म्हणाली, “पिंपळी जास्त झाली हो, अहो.” अण्णांनी ते दिवसभर पुरवलं. जो भेटेल त्याला सांगितलं, पिंपळी जास्त झाली म्हणाली. हौसाकाकू म्हणाल्या, या वयात बायकोने नावं ठेवल्याचा एवढा आनंद झालेला पुरुष मी बघितला नाही.

गाणंही परत आलं. जातं केव्हाच बंद झालं होतं. ती सुपात गहू घेऊन बसायची आणि जात्यावर म्हणाव्यात तशा ओव्या सुपावर म्हणायची. माहेराच्या, भावाच्या, मला माहीत असलेल्या. आणि मधेच एक, जी मी कधी ऐकली नव्हती:

थोरलं माझं बाळ, जसा वेलीला कोहळा
नाही पाळणा हालला, नाही बारशाचा सोहळा

मी म्हटलं, आई, ही कुणाची? ती म्हणाली, अशीच. जुन्या बायकांची. मीही तेच समजले. ओटीवर अण्णा लाखेच्या बांगड्या सुतळीत ओवत होते. त्यांच्या हातातली माळ सुटून बांगड्या घरंगळत अंगणापर्यंत गेल्या आणि त्या वेचायला त्यांना नको इतका वेळ लागला.

त्यानंतर आला तिसरा कोहळा आणि ती सकाळ, जिथून मी सुरुवात केली.

पाक जेमतेम आठवड्याचा उरला होता. बाजारात मिळत होते ते दारावर टांगायचे, हिरवट, अंगावर राख न धरलेले. अण्णा दोन गावं फिरून आले. मी म्हटलं, मी कापते, मला काय होणार आहे, मी कुठे हे मानते. अण्णा म्हणाले, तुझं ठीक आहे, पण तिच्यादेखत नको. कोहळ्याची आठवण तरी तिला राहिली आहे, तीही कशाला मोडायची. आणि तिच्यामागे करावं म्हटलं तर ती कोहळा सोडायलाच तयार नव्हती. आधी त्याच्याशेजारी बसायची. मग त्याला उन्हातून उचलून आत आणलं. मग गोधडीत गुंडाळलं.

मालक कुठे गेलेत, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, यात्रेला, बांगड्यांचं ओझं घेऊन. येतील. यात्रा उलगली की येतीलच.

अण्णा आतल्या खोलीत होते. त्यांनी ते ऐकलं. थोड्या वेळाने बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर जुना फेटा होता, बऱ्याच वर्षांत न बांधलेला, एका बाजूला कललेला. माळ्यावरून त्यांनी बांगड्यांची जुनी पेटी काढली होती, पट्ट्याने खांद्याला लावायची. ते मागच्या दाराने निघाले, गल्लीच्या टोकाला गेले आणि तिथून वळून, रस्त्याच्या मधोमध चालत, घराकडे आले.

हौसाकाकू ओट्यावर शेंगा निवडत होत्या. “अण्णा, या वयात फेरी? पोरी मिळायच्या नाहीत आता.”

अण्णा चालत राहिले. ते दारात आले, पेटी उतरवली, फेट्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि खूप दुरून आलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, “आलो गं.”

आई उठली. चेहरा उजळला होता, हे मी शपथेवर सांगेन. तिने दोन पावलं टाकली. मग ती म्हणाली, “वन्सं, कासार आलेत. आधी पाणी द्या त्यांना, उन्हाचे आलेत.”

मी पाणी दिलं. अण्णांनी तांब्या उभ्यानेच संपवला. मग उंबऱ्याच्या बाहेरच बसले, पेटी उघडली, आणि आईने त्यांच्यापुढे हात केला. त्यांनी तो हात घेतला. कासाराला बाईचा हात धरता येतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. माझ्या बापाला त्याच्या बायकोचा हात कासार म्हणून मिळाला.

“कुठल्या दाखवू?”

“हिरव्याच. साध्या.” तिने बोटं सैल सोडली. “जपून हं. आमचे मालक भरतात, कधी टिचत नाही.”

“चांगले आहेत का मालक?”

“आहेत चांगले,” आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, “बोलत नाहीत पण. मनातलं सांगत नाहीत. आपण विचारलं की दुसरीकडे बघतात.”

अण्णांनी शेवटची बांगडी चढवली. टिचली नाही. पण हात त्यांनी लगेच सोडला नाही, आणि आईनेच तो अलगद काढून घेतला, जसा परक्याकडून काढून घेतात.

दुसऱ्या दिवशी मी हौसाकाकूंच्या मालकांना बोलावलं, भानूकाकांना. आमच्या घरात भावासारखे वावरलेले. म्हटलं, पुरुषमाणूस ना, हे आहेत. भानूकाका कोयता घेऊन आत आले मात्र, आईने गोधडीसकट कोहळा छातीशी धरला आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. “परक्याचा हात लावू देणार नाही मी माझ्या थोरल्याला,” ती म्हणाली. “एकदा नेला तेवढा बस्स झाला.”

भानूकाकांनी कोयता खाली ठेवला. निघताना ते अण्णांजवळ थांबले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मला कळलं की या घरातली एक गोष्ट भानूकाकांना माहीत आहे आणि मला नाही.

डब्यात आता तळाला चिकटलेला पाक उरला होता. अण्णा तो चमच्याने खरवडून तिच्यापुढे धरत. आई त्यांच्या हातून खायची नाही. माझ्या हातून खायची. शेवटी मीच म्हटलं, “अण्णा, दुपारी ती झोपते. तेव्हा उचला. मी चूल पेटवून ठेवते.”

त्यांनी चमचा डब्यात ठेवला. मग म्हणाले, “पेटव.”

जेवणं झाली. आई कोहळ्याला कुशीत घेऊन आडवी झाली, थोपटता थोपटता तिचा हात सैल पडला. मी परसात चूल पेटवली, पातेलं चढवलं, त्यात तूप सोडलं. पाट मांडला, कोयता मांडला. अण्णा आतून आले. गोधडी तिच्याजवळच ठेवून नुसता कोहळा त्यांनी आणला होता. तो पाटावर ठेवायचा सोडून ते न्हाणीच्या दगडावर बसले, आणि तो त्यांच्या मांडीवर राहिला. त्यांच्या सदऱ्याला, हातांना राख लागली होती.

“अण्णा, तूप तापलं,” मी म्हटलं.

“तुझ्या आधी एक होता,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न पाहता, एका दमात. पहाटे झाला होता. आईला ताप चढला होता, शुद्ध नव्हती. मुलगा एकदा रडला आणि दुपारच्या आत गेला. सुईण म्हणाली, आजी म्हणाली, घरातले सगळे म्हणाले, बाळंतिणीला दाखवू नका. एकदा तोंड पाहिलं की जन्मभर सुटत नाही. तेव्हाची तीच रीत होती. आणि नेणार कोण, तर बाप. त्यांनी बांगड्यांची करंडी घेतली, बांगड्यांना घालतात तसं तळाशी गवत घातलं, आणि धक्का लागू न देता त्याला नदीवर नेलं. भानूकाका फावडं घेऊन बरोबर होते. संध्याकाळी आई शुद्धीवर आली. तिने विचारलं, कुठं नेलंत, कसा होता. अण्णा म्हणाले, मी पाहिलं नाही. म्हणजे तिने पुढे विचारू नये. आणि तिने पुढे कधीच विचारलं नाही.

“दरसाल वेल चढवायची,” अण्णा म्हणाले. “दरसाल मला पहिला घाव घालायला लावायची. मी घालायचो.”

तुपाचा वास यायला लागला होता. मी त्यांना काही म्हणणार होते, काय ते आता आठवत नाही. कारण तेवढ्यात मागच्या दारात आई उभी राहिली. केस सुटलेले, हातात रिकामी गोधडी.

“कुठं नेलंत त्याला?”

अण्णा उठायला गेले. मांडीवर कोहळा, उठता येईना.

“नेला नाही,” ते म्हणाले. “इथंच आहे. हा बघ.”

ती पायऱ्या उतरून आली. त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. कोहळ्याकडे पाहत राहिली, आणि मग, एखाद्या ओळखीच्या बाईच्या घरी बारशाला गेल्यावर विचारावं इतक्या साधेपणाने, तिने विचारलं, “कसा होता?”

मला वाटलं, ते दुसरीकडे बघतील. त्यांनी नाही बघितलं.

“गोरा होता,” अण्णा म्हणाले. “केस दाट होते. काळेभोर, कपाळावर आले होते.”

“आणि डोळे?”

“मिटलेले. पापण्या लांब होत्या. तुझ्यासारख्या.”

“रडला का?”

“एकदा. मोठ्यांदा रडला. ओटीवर ऐकू आला मला.”

आईने मान हलवली, म्हणजे तिला हे पटलं, तिलाही तसंच वाटलं होतं. “थंडी होती,” ती म्हणाली.

“माझ्या उपरण्यात गुंडाळला होता. खाली गवत घातलं होतं, वर गवत घातलं होतं. धक्का लागू दिला नाही कुठं. नदीच्या वळणावर, करंजाच्या झाडाखाली आहे. सावली आहे तिथं.” अण्णांचा आवाज तिथे फुटला. “मी रोज त्या वाटेने जातो.”

चुलीतलं लाकूड तडकलं. आईने हात पुढे केला आणि कोहळ्यावरून फिरवला. राख निघाली तिथे बोटांच्या हिरव्या रेघा उमटल्या. मग तिने मान वर केली आणि अण्णांचा चेहरा न्याहाळला. तो फेटा नसलेला, रडणारा म्हातारा चेहरा. मी पाहत होते. मी देवाला म्हणत होते, आता. आता तरी.

“तुम्ही कोण?” आईने विचारलं.

अण्णांनी नाव सांगितलं नाही. कासार आहे म्हणाले नाहीत, तुझा नवरा म्हणाले नाहीत.

“ह्याचा बाप,” ते म्हणाले.

आईने गोधडी उलगडली, त्यांच्या मांडीवर नीट पसरली, आणि त्यांच्या हातांकडे पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

“मग असं धरतात का,” ती म्हणाली. “मान धरा त्याची.”

अण्णांनी तळहात हळूच देठाखाली सरकवला. मी पातेलं उतरवलं, आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढली.